पेवाचं तोंड उघडू नका

मित्रांनो, मी सांगलीजवळच्या हरिपूरचं एक जुनं पेव आहे. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. वरून बघाल तर मातीचा एक उंचवटा दिसेल, आणि त्यावर कुणीतरी ऐसपैस बसलेलं दिसेल. लोक माझ्या तोंडावर बसूनच पेपर वाचतात, तंबाखू मळतात आणि जगाचं भवितव्य ठरवतात. त्यामुळे अंधारात राहूनही माझ्या कानांवर सगळं पडतं.

माझे आताचे मालक आप्पासो, त्यांच्या आजोबांनी मला खणून घेतलं. भिंती शेणानं सारवल्या, तळाला उसाचं पाचट घातलं, कडेनं शिंदीच्या चटया उभ्या केल्या आणि वर हळद ओतली. तोंडावर फरशी आणि माती पडली की वारा नाही, किडा नाही. तीन-तीन वर्षांनी हळद बाहेर काढली तरी व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघायचे आणि विचारायचे, "कुणाचं पेव हो हे?" तेव्हा माझी छाती अशी फुगायची की पोट आणखी मोठं झाल्यासारखं वाटे.

आमच्यात दोन रिवाज. पेव उघडलं की आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर आत हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. आणि एकदा उघडलेलं पेव पुन्हा झाकायचं नाही, सगळं रिकामं करायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या सुरुवातीला माझ्यात जी हळद पडली, ती शिवतेजच्या हातची. शिवतेज आप्पासोंचा मुलगा, फौजेत शिपाई. त्या वर्षीची लावण त्यानं रजेत येऊन केली होती. हळद निघाली तेव्हाही तो दोन दिवस आला. शेवटची फरशी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, अंजनानं, मिळून बसवली. जाताना तो म्हणाला, "आता मी आल्यावरच उघडायचं. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

अंजना कोरेगावच्या माहेरची, दहावी झालेली. ती फक्त "व्हय" म्हणाली. पण पुढे रोज कामावरून येताना ती माझ्यापाशी थांबायची आणि भेग पडलेली माती पायानं दाबून जायची.

मग त्याच उन्हाळ्यात शेजारच्या पेवाचा मालक कोंडीबा पेपर नाचवत आला. पहिल्या पानावर मोठी अक्षरं होती, 'कृष्णाकाठ बुडणार!' खाली संगमावरच्या देवळाच्या कळसाला पाणी टेकलेलं चित्र.

"आप्पासो, पृथ्वी तापलीया. शास्त्रज्ञांनी सांगितलंय, म्हंजे झालंच. मी उद्या पेव उघडतोय."

आप्पासोंचा धीर सुटला. दुसऱ्याच दिवशी गडी फावडी घेऊन हजर. अंजना धावत आली ती थेट माझ्या तोंडावरच बसली.

"आवं मामंजी, बातमी सगळी वाचली का?"

"चित्र बघितलं की."

"चित्र पेपरवाल्यानं काढलंय. द्या हिकडं." तिनं मोठ्यानं वाचलं. "'हिमनद्या वितळून शंभर वर्षांत समुद्राची पातळी वाढण्याची शक्यता. अंदाज अजून कच्चे आहेत, असे शास्त्रज्ञ म्हणाले.' आता ह्यात कृष्णा कुठाय? हरिपूर कुठाय?"

"म्हंजे पृथ्वी तापत न्हाई म्हन की!" कोंडीबा हसला.

"तापत आसंल, मामा. त्या लोकांना खोटं कशाला म्हनू? ते शक्यता म्हनत्यात, ह्यो पेपर बुडणार म्हनतोय. कंदील सोडल्याबिगर तुमी गडी उतरवता का?"

आप्पासो चिडले. "आन् पूर आला तर? तू हमी देतीस का?"

"न्हाई देत. पेपरवाल्यानं दिलीया तेवढी बास झाली."

गडी हसले. आप्पासोंनाही हसू आवरेना. फावडी परत गेली.

खरं सांगतो, त्या पावसाळ्यात मी घाबरलो होतो. कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढू लागली, माझ्या भिंती गार पडल्या, आणि मनात आलं, पेपरच खरा निघतोय की काय! अंजना पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, माझ्यापाशी उभी असायची. तीही घाबरली होती. चार पायऱ्या उरल्या आणि पाणी उतरलं. पुढं कधी पूर येणारच नाही, असं मी म्हणत नाही. तसं म्हणालो तर त्या पेपरात आणि माझ्यात फरक तो काय?

कोंडीबानं हळद घराच्या माळ्यावर नेली होती. तिथं पूर आला नाही, भुंगेरे आले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पेपरात 'कृष्णा आटणार!' असं छापून आलं, तेव्हा कोंडीबानं विहीर खोल करायला घेतली. माणसाचा उत्साह बघा.

शिवतेज मात्र दिवाळीला आला नाही. रजा रद्द झाली. शिमग्याला येतो म्हणाला, तेव्हाही नाही. मग सरहद्दीवर लढाई पेटली आणि त्याची खुशालीही येईनाशी झाली.

एके दिवशी कोंडीबा लांबूनच ओरडत आला, "अंजना! टीव्हीवर सांगितलं, लढाई मिटत आली. पावसाआधी समदी पोरं घरी!"

मी वाट पाहिली. आता ही विचारेल, कोण म्हणालं? नक्की काय म्हणालं? शक्यता म्हणालं की येणारच म्हणालं?

तिनं काहीच विचारलं नाही. "पुन्ना सांगा की, मामा," एवढंच म्हणाली. कोंडीबानं पुन्हा सांगितलं. मग तिनं माझ्याभोवतालची जागा झाडली, सडा टाकला. फरशीवरची माती थोडी उकरून तिनं नाक जवळ नेलं, हळदीचा वास येतो का बघितलं, आणि माती परत दाबून बसवली.

मित्रांनो, भाकितं मी पुष्कळ ऐकली. त्यांचा जमाखर्च मांडला तर खर्चाचीच बाजू जड भरेल. पण हे एक खरं ठरावं म्हणून मी जमिनीखाली श्वास रोखून आहे.

पाऊस परवाच सुरू झालाय. तुम्ही हरिपूरला आलात तर खेळा, बसा, पेपरही वाचा. फक्त माझ्या तोंडावरची माती टाचेनं उकरू नका. आत शिवतेजची हळद आहे, आणि ती अजून त्यानं बघायची आहे.