साक्षीला गेलेले हेल्मेट

मित्रांनो, मी सायकलवर घालायचे एक जुने हेल्मेट आहे. डाव्या बाजूला, कानाच्या थोडे वर, मला बोटभर लांब चीर पडली आहे. फुटक्या वस्तूने एवढा तोरा का मिरवावा, असे तुम्हाला वाटेल. ऐका तर मग.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. थर्माकोलसारखे बारीक पांढरे दाणे साच्यात ओतले, त्यावर गरम वाफ सोडली आणि ते फुगून एकमेकांना घट्ट चिकटले. वर पिवळे कवच चढले, खाली हनुवटीचा पट्टा आला. आमच्या प्रत्येक खेपेतले एक हेल्मेट उंचावरून लोखंडी ऐरणीवर आपटले जाई. माझा शेजारी असाच गेला. त्याला पडलेली चीर पाहून तपासणीच्या बाई खूश झाल्या, तेव्हा मला त्यांचा भारी राग आला होता. डोक्याला बसणारा धक्का स्वतः फुटून जिरवायचा, हेच आमचे काम, हे मला अजून कळायचे होते.

मला विकत घेतले ते एका नर्सने. सगळे तिला सिस्टर म्हणत. ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शने द्यायची. तिच्या रुग्णांत एक मास्तर होते. सायकलवरून पडून त्यांच्या डोक्याला मार बसला होता. एक दिवस त्यांनी स्वतःच्या मुलीला विचारले, आपण कोण? सिस्टर त्या घरातून निघाली ती थेट दुकानात आली आणि मला डोक्यावर घालूनच घरी गेली.

घरी तिचे वडील होते. चाळीस वर्षे त्यांनी सायकली दुरुस्त केल्या होत्या. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. दुकान बंद केले तरी त्यांची सायकल सुटली नव्हती. दोन म्हाताऱ्या मित्रांबरोबर ते रोज वाचनालयात जात, अर्थात उघड्या डोक्याने. त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "टोपली बरी आहे. भाजीला होईल."

आणि खरेच, रविवारी ते माझ्यातून टोमॅटो आणू लागले! माझा केवढा अपमान झाला म्हणून सांगू. पण सोमवार उजाडला की सिस्टर मला पुसून डोक्यावर चढवायची आणि मी पुन्हा ऐटीत निघायचो. सहा वर्षे आम्ही दोघांनी गावातली एकही गल्ली सोडली नाही. कधी मी उन्हात गच्चीवर विसरलो गेलो, माझा पिवळा रंग विटला. कधी एखाद्या रुग्णाची मांजर माझ्यात मुटकुळे करून झोपली. एका आजीबाईंनी तर हट्टाने मला डोक्यावर घातले, आरशात पाहिले आणि कितीतरी महिन्यांनी खुदकन हसल्या. सिस्टर म्हणाली, आज औषधाची गरजच पडली नाही. त्या दिवशी मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, गिरणीजवळचे वळण. तिथल्या गटाराचे झाकण कुठे गेले होते कोण जाणे. पुढचे चाक थेट आत गेले. सिस्टर हवेत उडाली आणि तिचे डोके फूटपाथच्या दगडी कडेवर आदळले. मध्ये मी होतो. माझ्या आत काहीतरी काडकन मोडले. पण तिने डोळे उघडले, आपले नाव सांगितले, वारही सांगितला. तिच्या गळ्याखालचे, हासळीचे हाड मोडले होते. डोके मात्र शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, हे नसते तर आपण आज वेगळे काही बोलत असतो.

उस्ताद धापा टाकत दवाखान्यात आले. पलंगाशेजारी मी पडलो होतो. त्यांनी माझ्या चिरेवरून हळूच बोट फिरवले. त्यानंतर त्यांनी माझ्यात टोमॅटो ठेवले नाहीत.

त्याच सुमारास नगरपालिकेत एक ठराव आला. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेटची सक्ती करायची, नसेल तर दंड, आणि दुसऱ्यांदा सापडला तर सायकल जप्त. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका घरी आल्या. सिस्टरने सभेत बोलावे आणि मला दाखवावे, अशी त्यांची इच्छा होती. सिस्टर लगेच तयार झाली. माझी छाती अभिमानाने फुगली. सक्ती झाली तर सगळे गाव आम्हाला डोक्यावर घेणार होते!

पण उस्तादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते म्हणाले, तीन भावंडांत एक सायकल असते, ती कुठून हेल्मेटे घेणार? पीठ आणायला जाणाऱ्या बाया, माझे दोन म्हातारे, सगळे दंडाच्या भीतीने सायकल सोडून देतील. बापलेकीत शब्दाला शब्द वाढला.

शेवटी सिस्टर म्हणाली, "बाबा, तुम्ही हे हेल्मेट बघितलंत ना? ही चीर माझ्या डोक्याला पडली असती."

"बघितलं," उस्ताद म्हणाले. "म्हणून तर झोप उडाली माझी. पण तो खड्डा अजून तिथंच आहे, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून सिस्टर गिरणीच्या वळणावर गेली. मीही तिच्या पिशवीत होतो. गटार तसेच उघडे होते. कुणीतरी त्यात एक फांदी खोचून ठेवली होती, एवढेच. ती एका पायरीवर बसून राहिली. शाळेच्या मुली गेल्या, दूधवाला गेला, मागे पिठाचा डबा बांधलेली एक बाई गेली. फांदीजवळ प्रत्येकाचे हँडल डगमगायचे, आणि प्रत्येक वेळी पिशवीवरची तिची मूठ आवळायची.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. सक्ती हवी म्हणणारे एका बाजूला, नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला. उस्ताद दुसऱ्या बाजूला बसले होते. सिस्टरने मला टेबलावर ठेवले, चीर सगळ्यांना दिसेल अशी. सगळे सभागृह माझ्याकडे पाहू लागले.

"याच्यामुळं मी जिवंत आहे," ती म्हणाली. "घरोघरी हे असावं, म्हणून मी दारोदार हात जोडीन. पण मला पाडलं कुणी? उघड्या गटारानं. दंड करायचा तर पहिला त्याला करा. आणि ज्यांना हेल्मेट परवडत नाही, त्यांच्या हातून सायकल काढून घेऊ नका. त्यांच्या हातात हेल्मेट द्या."

नगरसेविकांचा चेहरा पडला. पुढे कितीतरी दिवस त्या सिस्टरशी बोलल्या नाहीत. सक्ती नको म्हणणारेही तिच्यावर नाराजच झाले, कारण तिने दारोदार जायचे बोलून दाखवले होते आणि ती खरोखर जाऊ लागली. खूप वाद झाला. अखेर दंड आणि जप्तीचे कलम थोड्या मतांच्या फरकाने पडले. शाळेतल्या मुलांना नगरपालिकेने हेल्मेटे द्यावीत, असे ठरले. गटारावर आठ दिवसांत लोखंडी जाळी बसली. सक्तीवाले अजूनही म्हणतात की चूक झाली. असेलही. मी एक हेल्मेट, मला सगळे कुठे कळते?

मला सुरुवातीला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण मग एका सकाळी उस्ताद बाजारातून परतले ते डोक्यावर निळे कोरे हेल्मेट घालून, तेही मागचे पुढे. सिस्टरने ते सरळ केले, पट्टा लावून दिला. ते म्हणाले, "सक्ती झाली असती तर मेलो तरी घातलं नसतं." सिस्टर इतकी हसली की तिचे हाड दुखू लागले. महिन्याभरात त्यांचे दोन्ही मित्र हेल्मेट घालून वाचनालयात जाऊ लागले. त्यांना कुणी पोलीस आडवा आला नव्हता.

मित्रांनो, आता मी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. एकदा धक्का सोसला की आम्ही दुसऱ्यांदा कामाचे राहत नाही, वरून कितीही धड दिसलो तरी. सिस्टर मला शाळाशाळांत नेते आणि मुले माझ्या चिरेत बोट घालून पाहतात. याहून मोठा मान मला नको. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याला उन्हात टाकू नका, त्याच्यावर बसू नका, पट्टा नीट आवळा. रस्त्यात उघडे गटार दिसले तर गप्प बसू नका, मोठ्यांना सांगा, आणि ते झाकले जाईपर्यंत सांगत राहा. आणि घरातले कुणी उघड्या डोक्याने सायकल काढत असेल, तर भांडू नका. हेल्मेट घेऊन दारापर्यंत जा आणि आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवा.