आठवडाभराची आंघोळ

मी न्हाणीघरातून बोलतेय, तेव्हा आवाज थोडा घुमेल. मी आंघोळीची खुर्ची. पांढरं प्लास्टिक, पाणी निथळायला बैठकीत भोकं, चारही पायांना रबरी टोप्या. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांना पाहुणे मिळतात, गप्पा मिळतात. माझ्या नशिबी साबणाचं पाणी. पण माझ्यावर बसून माणूस जेवढं खरं बोलतो, तेवढं तिकडे कोणी बोलत नाही.

एका साच्यातून आम्ही शेकड्यांनी बाहेर पडलो. दुकानात मी दोन वर्षं धूळ खात होते. मग मावशींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि माझी या घरात वर्णी लागली.

मावशी या घरात एकट्याच राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या खिडकीतून तिकिटं दिली. आपल्यामुळे कोणी खोळंबलं, तर त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांना आंघोळ घालायला एका संस्थेतून ताई येते. सुरुवातीला तिला तासभर वेळ असायचा. ती कोपर बुडवून पाणी बघायची, आधी पायांवर घालायची, मग पाठ चोळायची.

"अगं, जरा डावीकडे... हां, तिथेच!" मावशी डोळे मिटून म्हणायच्या. त्या एका तासासाठीच मी जन्माला आले, असं मला वाटायचं.

मग संस्थेचं फर्मान निघालं: एका घरी वीसच मिनिटं. पहिल्या दिवशी ताईने ओल्या फडक्याने मावशींचं अंग पुसलं आणि मान खाली घालून म्हणाली, "रागावू नका हं मावशी. वीस मिनिटांत आंघोळ नाही हो बसत."

"बसवू की," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई यायच्या अर्धा तास आधीच मावशी भिंत धरून, पाय ओढत माझ्यापर्यंत येऊ लागल्या. एका हाताने बटणं सोडायच्या आणि टॉवेल गुंडाळून बसून राहायच्या. कशासाठी, तर ताईची मिनिटं वाचावीत म्हणून! माझा जीव टांगणीला लागायचा. फरशी ओली असली, पाय सटकला, तर मी काय करणार? मला चार पाय आहेत, हात एकही नाही.

एकदा ताईला आधीच्या घरी उशीर झाला. मावशी पाऊण तास कुडकुडत बसल्या होत्या. ताई आली आणि बघून रडायलाच लागली. "पडला असतात म्हणजे? काय करायचं होतं मी?"

"पडले नाही ना? मग पाणी घाल. बोलण्यात दोन मिनिटं गेली."

एक दिवस संस्थेच्या मॅडम पाहणीला आल्या. बाई वाईट नव्हत्या. तब्येत विचारली, औषधं बघितली. पण त्यांनाही दिवसभरात बारा घरं उरकायची होती. ताईला बोल लागू नये म्हणून मावशींनी कंबर कसली. भिंत न धरता दोन पावलं टाकली, वरची बटणं सोडली, माझ्यावर बसल्या आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारख्या हसल्या. "बघा, माझं मी सगळं करते. हिचा वेळ मी अजिबात घेत नाही."

"वा! म्हणजे आंघोळीला तुम्हाला मदत लागतच नाही."

ताई घाईने पुढे झाली. "मॅडम, त्या स्वतः नाही हो करत. माझ्यासाठी घाई करतात त्या."

"स्वतःहून केलं काय, घाईने केलं काय, माझ्या कागदावर दोन्हीला एकच चौकोन आहे गं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खूण केली आणि पुढच्या घरी गेल्यासुद्धा.

हात दाखवून अवलक्षण! आठवड्याने पत्र आलं. आता दहा मिनिटं. गोळ्या द्यायच्या आणि निघायचं. मावशींनी पत्र दोनदा वाचून उशीखाली सरकवलं. त्या दिवशी त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

पण ताई कसली ऐकतेय! गोळ्यांना तीन मिनिटं लागतात, उरतात सात. म्हणून सोमवारी पाठ, मंगळवारी पाय. बुधवारी केसांना साबण लावला आणि वेळ संपला. डोक्यावर फेस तसाच, दोघी पोट धरून हसल्या. मग ताईने केस नीट धुतले आणि पुढच्या घरी उशिरा पोचली. तिथले आजोबा तिच्यावर उखडले म्हणे. त्यांचंही काही चुकलं नाही, तेही वाट बघत होते. मावशींची एक आंघोळ आता अशी आठवडाभर चालते.

मॅडम, माझा तुमच्यावर राग नाही. पण त्या दिवशी मावशी माझ्यावर बसल्या, तेवढंच बघून तुम्ही गेलात. त्यानंतर ताईने त्यांच्या काखेत हात घालून तीनदा जोर लावला, तेव्हा कुठे त्या उभ्या राहिल्या. पुन्हा कधी आलात तर या खुर्चीचं एवढं ऐका. त्या माझ्यावरून उठेपर्यंत थांबा.