एकोणीस एक

स्कूटर सोडायची अट मीरासाब मुजावर यांनी स्वतःच घातली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस जुलैत रंकाळ्यावर चहाला म्हणून एकटाच निघाला आणि पन्नास किलोमीटरवरच्या कुरुंदवाडच्या घाटावर सापडला. इथं कसा आलो, ते त्याला सांगता येईना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. मीरासाब म्हणाले, त्याचा निकाल एक संख्या लावेल.

ती संख्या म्हणजे ओळीनं एकोणीस एक. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. त्यातला एक गाळला, की नऊनं भाग जातो. एक जास्त पडला, की अकरानं. वर्गात मीरासाब ती न थांबता, न मोजता फळ्यावर लिहीत. आता रोज सकाळी ती पाटीवर एकदाच लिहायची आणि शेजारच्या आप्पासो मगदूम यांनी मोजायची. चुकली, की किल्ली आप्पासोंकडे.

आप्पासोंचे गुडघे गेले होते. मीरासाबांच्या मागं बसून रंकाळ्यावर चहाला जायचं, एवढंच त्यांचं बाहेर पडणं उरलं होतं.

सोमवारी मीरासाबांनी पाटी पुढं केली.

"एकोणीस," आप्पासो म्हणाले. "चल, मार किक."

"मोजलंस?"

"मोजलं की."

"तुझं ओठ हललं न्हाईत. दुकानात जन्मभर ओठ हलवून मोजलंस, आणि आज मनात मोजाय लागलास व्हय, लेका?"

मीरासाबांनी पाटी मांडीवर घेतली आणि तीन-तीन एकांभोवती खडूनं गोल काढले. सहा गोल झाले. त्यापुढं पाटी कोरी होती.

"एक उरायला पायजे हुता, आप्पा."

"मर्दा, एका एकानं काय हुतंय? परत लिही."

"परत लिहायचं न्हाय, असं ठरलंय." त्यांनी किल्ली आप्पासोंच्या हातावर ठेवली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पासो काठी टेकत आले, तेव्हा मीरासाब हेल्मेट घालून स्कूटरजवळ उभे होते. खिसे उलटे करून झाले होते.

"आप्पा, माझी किल्ली बघितलीस काय रं?"

आप्पासोंनी कट्ट्यावरची कालची पाटी उचलून त्यांच्यापुढं धरली. मीरासाबांनी एकच नजर टाकली.

"सहा त्रिक अठराच हायत. नऊनं भाग जातोय ह्याला," ते म्हणाले. "कुठल्या पोरानं लिवलंय हे?"

आप्पासोंची मूठ खिशातल्या किल्लीवर आवळली.

"आज चालत जाऊया," ते म्हणाले.

"तुझ्या गुडघ्यांनी?"

"व्हय."

दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. त्यापुढं आप्पासोंना पाऊल टाकवेना. मीरासाब त्यांचा दंड धरून उभे राहिले. हेल्मेट अजून त्यांच्या डोक्यावरच होतं.