तीन मिलिमीटरची पलटण

सोनल उगारेच्या सिनेमातली पलटण जगाला वाचवायला निघाली, की पहिल्यांदा स्वतःच्याच दारात अडकायची.

मुळात तसं ठरलेलं नव्हतं. मुळात ते चांगले रुबाबदार वीर होणार होते. चार यंत्रमानव, लाकडाचे, वरून पत्रा मारलेले, उभे केले तर माणसाच्या गुडघ्याएवढे. कढईबाचं डोकं गुळाच्या काहिलीसारखं, गिरणाक्काच्या पोटात जातं, फवाऱ्याच्या पाठीवर औषध मारायचा पंप. चौथा पिस्टन्या, त्याला काम असं काही नव्हतं, पण घाई फार. लोखंडपूर नावाच्या गावावर गंजासुर चाल करून येतो आणि हे चौघं त्याला पळवून लावतात, एवढी साधी गोष्ट. सोनलनं ती लेकीला, आदितीला, जेवू घालताना रचलेली. आदिती आता बंगळूरला नोकरी करते आणि फोनवर "झाला का गं तुझा सिनेमा?" असं विचारते, म्हाताऱ्या माणसाला गुडघ्याचं विचारावं तसं.

पुतळे केले आकाराम मिस्त्रींनी. मिस्त्रींचा जन्म फौंड्रीत पॅटर्न करण्यात गेलेला. यंत्राचा एखादा भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडाचा करतात, वाळूत दाबून त्याचा साचा काढतात, मग त्यात लोखंडाचा रस सोडतात. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. रस थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक असा मोठा ठेवावा लागतो. दरवेळी गणित नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटरच जरा लांब. चव्वेचाळीस वर्षं ही पट्टी मिस्त्रींच्या खिशात होती. सोनलनं कागदावर लिहून दिलं, खांदे तीस सेंटिमीटर. मिस्त्रींनी आपल्या पट्टीनं तीस मोजले. ही माणसं लाकडाचीच राहणार, त्यांना कोणी ओतणार नाही, थंड होऊन ती आकसणार नाहीत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सोनलनं दार केलं होतं शाळेच्या साध्या पट्टीनं. कढईबा तीन मिलिमीटरनं अडकला. बाजारातनं आणलेलं बेअरिंग त्याच्या मानेत ढिलं बसलं, त्यामुळं कोणी काही विचारलं नसताना तो हो-हो म्हणत मान डोलवायला लागला.

मिस्त्री शरमेनं काळवंडले. "ताई, उद्याच्याला रंधा मारून आनतो. जलमात अशी चूक झाली न्हाय माज्याकडनं."

पण सोनल तोवर फरशीवर बसून पोट धरून हसत होती. त्याच संध्याकाळी तिनं गोष्ट बदलली. शूर पलटण गेली, वेंधळी पलटण आली. प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणारी, दारात अडकणारी, वाचवायला गेलेल्या माणसालाच चेंगरणारी.

याला सहा वर्षं झाली. सिनेमा असा करायचा, की पुतळ्याचा पाय केसभर पुढं सरकवायचा, फोटो काढायचा, परत केसभर सरकवायचा, परत फोटो. बारा फोटो झाले की पडद्यावरचा एक सेकंद होतो. हे सगळं सोनल मोबाइलवर बघून-बघून शिकलेली, चुकतमाकत. शेड नवऱ्याची, जिनेंद्रची. शाहूपुरीत त्याचं पंप-मोटारींचं दुकान आणि उद्यमनगरात जुना माल टाकायला ही शेड. शेजारी वर्कशॉप. तिथला पत्रा दाबायचा प्रेस खाली आला की इकडं टेबल हादरायचं आणि लोखंडपुरात भूकंप व्हायचा. म्हणून शूटिंग फक्त सोमवारी, शेजारच्यांच्या सुट्टीदिवशी. चांगला सोमवार असला की बारा सेकंद व्हायचे. जिनेंद्र त्याला "तुझं सोमवारचं" म्हणायचा, एखादा उपवास असावा तसं.

असे तीनशेच्या आसपास सोमवार गेले. बावन्न मिनिटांचा सिनेमा झाला. राहिले फक्त शेवटचे अठरा सेकंद.

शेवटी असं होतं, की लोखंडपूरची सगळी पोरं शाळेत अडकलीत. बाहेरून गंज येतोय. पलटण शाळेच्या फाटकाशी पोचते, चौघं एकदम घुसतात, अडकतात. आणि मग सबंध सिनेमात पहिल्यांदाच त्यांना अक्कल येते. आडवे होऊन एकेक करून आत जातात, पोरांना पाठीवर घेऊन मागच्या वाटेनं निघतात. अठरा सेकंदांचं नुसतं चालणं. ते चालवायचं मिस्त्रींच्या हातानं. कुठला सांधा किती घट्ट, कुठं किती दाबायचं, ते त्यांच्या बोटांना ठाऊक. मध्ये एकदा मिस्त्री गावाला गेले तेव्हा सोनलनं स्वतः चालवून पाहिलं होतं. यंत्रमानव अगदी यंत्रासारखे चालले. मिस्त्रींच्या हातात ते त्यांच्या पेठेतल्या माणसांसारखे चालायचे, जरा छाती काढून, जरा उगाच.

आणि गेल्या दिवाळीपासून मिस्त्रींचा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, कंपवात. औषधानं थांबेल का? तर थांबणार नाही, जरा सावकाश वाढेल.

त्या सोमवारी सोनल शिवाजी पेठेत मिस्त्रींना न्यायला गेली तेव्हा ते पायरीवर तयार होऊन बसले होते. टोपी, इस्त्रीचा शर्ट. धोंडुबाई, त्यांची बायको, खाली वाकून त्यांची गुंडी लावत होती.

"मी पन येणार हाय आज," धोंडुबाई म्हणाली. "काल ह्यांनी भाताचा घास मिशीला भरवला. तुझ्या त्या बाहुल्यांचं काय करतील कुनाला ठाऊक."

"बाहुल्या न्हाईत त्या," मिस्त्री म्हणाले.

"मग काय, जावई हाईत?"

सोनल हसली, पण लगेच गाडीचं दार उघडायला वळली. शनिवारी तिच्या मोबाइलवर एक निरोप आला होता. पुण्याच्या एका लहान मुलांच्या वाहिनीतल्या साहेबांनी दोन वर्षांमागं दहा मिनिटं पाहून म्हटलं होतं, "पूर्ण करून आणा, बघू." त्या 'बघू'वर तिनं दोन वर्षं काढली होती. दुसरा कोणी विचारणाराही नव्हता. शनिवारी त्यांनी लिहिलं, की आता आम्ही फक्त संगणकावर केलेलंच घेतो, तुम्हाला शुभेच्छा. पुढं जोडलेल्या हातांचं चित्र. सोनलनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की मिस्त्रींच्या हातानं हे अठरा सेकंद व्हावेत. मग ते कपाटात पडले तरी चालतील.

शेडमध्ये शाळेचं फाटक टेबलाला आवळून ठेवलं होतं. मिस्त्रींनी हात झटकले, मांडीवर घासले आणि कढईबाचा पाय धरला.

पाय हलला. पायाबरोबर कढईबा सगळाच हलला. मिस्त्रींनी हात काढला, सोनलनं बटण दाबलं. परत. परत. तीस फोटो झाल्यावर तिनं ते सलग लावून पाहिले. कढईबा थंडीतापानं भरल्यासारखा कापत होता, आणि हो-हो म्हणून मान हलवत होता.

"पुन्यांदा," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा केलं. या खेपेला पिस्टन्याला धक्का लागला, तो फवाऱ्यावर पडला, फवाऱ्या गिरणाक्कावर. सिनेमात असं कितीदा तरी झालं होतं आणि प्रत्येक वेळी सोनल हसली होती.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं आवळून धरलं. मग दोन्ही थरथरायला लागले.

"ह्याच हातानं तालमीच्या फुटबॉल संघाचा गोल राखलाय म्या," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "आठ वर्सं. पेनल्टी अडवल्यात."

"म्हाईत हाय," धोंडुबाई म्हणाली. तिनं डबा उघडला, भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली नाही, तोंडाजवळ धरली. मिस्त्रींनी मान फिरवली.

मग ते म्हणाले, "ताई, मला काय तर दुसरं द्या. नुस्तं बसवू नगा."

सोनलनं त्यांच्याजवळ गंजाच्या रंगाची वाटी सरकवली. गेरू, काजळी, सरस आणि लाकडाचा बारीक भुसा. फाटकाच्या खांबावर तेवढा गंज मारायचा होता. मिस्त्रींनी ब्रश उचलला, खांबाकडं नेला, हाताला हिसका बसला आणि गिरणाक्काच्या गालावर, गळ्यावर, पोटावर तपकिरी शिंतोडे उडाले.

सरसाचा रंग. पत्र्यावर बसला की निघत नाही.

"मिस्त्री!" सोनल ओरडली. सहा वर्षांत ती त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडली. "आता हिला पुढं कशी दाखवू? सहा वर्षं केलं, शेवटाला येऊन... जाऊ दे, कोण बघणार हाय तरी! कुणाला पाहिजे हाय हे!"

मिस्त्रींनी ब्रश वाटीत ठेवला.

"पुन्यावाला न्हाय म्हनला व्हय?" मिस्त्रींनी विचारलं.

सोनलनं कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

"वाटलंच मला. आज गाडीत बडबडला न्हाईसा तुमी. दर सोमवारी टिंबर मार्केटपस्तोर तोंड चालू असतंय तुमचं."

सोनलला रडायला आलं आणि राग आला, आणि दोन्हींचं काय करावं हे न कळून तिनं कॅमेऱ्यावरचे फोटो मागं-पुढं केले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की शिंतोडे उडाले तेव्हाही तिनं बटण दाबलं होतं. मिस्त्रींचा हात चौकटीबाहेर गेला की बोट आपोआप दाबायचं, सवयच झाली होती. आधीच्या फोटोत गिरणाक्का स्वच्छ. पुढच्यात तिच्या गालावर गंज. ब्रश नाही, हात नाही. नुसता गंज आलेला.

तिनं ते दोन फोटो पाच-सहा वेळा पाहिले. मिस्त्रीही मागं येऊन उभे राहिले. गंज इतका खरा दिसत होता, की सोनलनं स्वतः मारला असता तर तसा कधीच आला नसता. तिच्या हातानं तो रंगवल्यासारखा दिसायचा.

"न्हाय चालायची ही चौघं आता," मिस्त्री म्हणाले. "फाटकातच ऱ्हाऊ देत."

"म्हणजे?"

"गोलकीपर काय करतोय? गोल मारतोय व्हय? हुबा ऱ्हातोय. पोरं आत हाईत, गंज भाईर हाय. ही मधी हुबी करायची. अडकायचं तर येतंयच त्यास्नी."

"मग गंज त्यांना खाईल की."

"खाईल."

"लहान मुलांचा सिनेमा हाय मिस्त्री. शेवटी अशी मरून कशी चालतील?"

"कोण बघणार हाय म्हणालीस की आत्ताच," धोंडुबाई डब्याचं झाकण लावत म्हणाली. "मग कशाला कुनाची काळजी करत्यास?"

सोनलनं चौघांना फाटकात खांद्याला खांदा लावून उभं केलं. तिघं बसले. पिस्टन्या राहिला, चौघांचे मिळून बारा मिलिमीटर आडवे येत होते. मिस्त्रींनी लाकडी हातोडा मागितला. हात थरथरत होता, पण ठोकायला थरथर आड येत नाही. चार ठोक्यांत पिस्टन्या फाटकात गच्च बसला. सोनलनं हलवून पाहिलं. चौघांतला एकही तसूभर हलला नाही. कढईबाची मानसुद्धा दोन्हीकडून आवळून थांबली.

मग मिस्त्रींनी ब्रश घेतला.

आता धक्का लागायची भीती नव्हती. हात जाईल तिथं जात होता. एक ठिपका, हात बाहेर, बटण. दोन ठिपके, हात बाहेर, बटण. गिरणाक्काच्या जात्यावर गंज चढला. फवाऱ्याचा पंप गेला. ज्या पत्र्याचा एकेक तुकडा मिस्त्रींनी कानसून, कडा मुडपून बसवला होता, त्याच्यावर ते स्वतः गंज मारत होते, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हाताला काम जमत होतं. सोनलला बघवत नव्हतं. तरी बघितल्याशिवाय फोटो निघत नाही.

"दोनशे दहा," चारच्या सुमाराला ती म्हणाली. "सहा राहिले."

आता सगळं तपकिरी झालं होतं. फक्त कढईबाचा डावा डोळा, बेअरिंगची चकचकीत गोळी, तेवढी उरली होती.

"डोळा ठेवूया का मिस्त्री?" तिनं विचारलं. "तेवढा एक. बरं दिसेल."

मिस्त्रींनी विचार केला. खरंच केला, ब्रश वाटीच्या काठावर ठेवून ते कढईबाकडं बराच वेळ बघत राहिले.

"गंज कशाला ठिवील?" ते म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यावर ठिपका दिला.

दोनशे सोळा झाले. तिघांनी ते अठरा सेकंद कॅमेऱ्याच्या वीतभर पडद्यावर एकदा पाहिले. मिस्त्रींनी ब्रश पाण्यात टाकला. धोंडुबाईनं पदरानं त्यांच्या बोटांचा रंग पुसला, निघाला नाही, तशीच त्यांची गुंडी नीट केली आणि म्हणाली, "चला."

सिनेमा सोनलनं आदितीला पाठवला. "मस्त गं आई, वेळ मिळाला की पूर्ण बघते," असं उत्तर आलं.

पुढच्या सोमवारी शेडमध्ये काही काम नव्हतं. तरी सोनलची गाडी आपोआप शिवाजी पेठेकडं वळली. मिस्त्री पायरीवर बसले होते. टोपी, इस्त्रीचा शर्ट, गुंड्या लावलेल्या. धोंडुबाई दारात उभी होती. तिनं सोनलकडं पाहिलं आणि आत गेली.

दोघं शेडवर आले. मिस्त्रींनी कढईबाला बाहेर काढायचा प्रयत्न केला. सरस वाळून फाटक आणि चौघं एकच झाले होते. त्यांनी खिशातनं आपली पट्टी काढली, थरथरत्या हातानं फाटकाला लावली, डोळे बारीक करून आकडा वाचायला गेले. वाचता येईना, तशी ती सोनलपुढं धरली.

"बघा ताई. आकसलंय का काय जरा?"

सोनलनं पट्टी लावून मोजलं. नीट, दोनदा.

"नाही मिस्त्री," ती म्हणाली. "आहे तेवढंच आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. शेजारचं वर्कशॉप बंद होतं. टेबल अजिबात हलत नव्हतं.