मेंढरांनी खाल्लेली सावली

ग्रीष्मातली सकाळ अजून कोवळी, पण माळरान तापू लागलेलं. पीतवर्ण कुसळं, ताम्रवर्ण धूळ, आणि क्षितिजावर पाण्याचं सोंग घेऊन थरथरणारी झळ. सूर्यनारायणाला आज भलतीच घाई होती.

ऋजुता रानउंदरांची पाहणी करायला आली होती. तिन्हीसांजेला पत्र्याचे पिंजरे मांडायचे, शेंगदाण्याचं आमिष ठेवायचं, वर वाळल्या गवताची घनदाट सावली रचायची. उजाडलं की आतल्या पाहुण्याला तोलायचं, वहीत टिपायचं, सोडून द्यायचं. उन्हात पत्रा तापला तर इवलासा जीव आतल्या आत भाजून जातो, म्हणून सावलीबाबत ती फार काटेकोर होती.

तराजूवर नजर खिळवून तिनं तीन रांगा संपवल्या. चौथीकडे वळली आणि वही टाकून धावतच सुटली. कृष्णलोकरी, मंदगामिनी, तृप्तवदना अशी शंभरेक मेंढरं तिथं सावकाश रवंथ करत उभी होती. गवताचा मागमूस नव्हता.

"मामा, माझी सावली खाल्ली तुमच्या मेंढरांनी!"

भागोजी धनगर भांबावला. "आवं ताई, मला वाटलं कुनी पुन्यवानानं चारा ठिवलाय. ढीग बी कसं मापात!"

चार पिंजरे रिकामे निघाले. पाचव्याचं दार मिटलेलं, पत्रा तव्यासारखा तापलेला. आत एक मृदुरोमा, दीर्घपुच्छा, गर्भभारमंथरा उंदरीण निपचित पडलेली. ऋजुताला रडूच फुटलं. मोजायला आले आणि मारून बसले!

भागोजीनं मुंडासं सोडायला घेतलं. सोडलं, सोडलं, सोडतच राहिला. लाल, लांबलचक, न सरणारं. चाळीस वर्षांत बायकोलाही न दिसलेलं टक्कल भर माळावर झळाळून उठलं. अर्ध्या मुंडाशाची त्यानं काठीवर सावली धरली, उरलेलं आपल्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवून ऋजुताच्या हाती दिलं.

लाल ओल्या घडीत मूठभर जीव, वर लाल सावली, लाल सावलीत वाकलेली दोन डोकी. थेंब, थेंब, आणखी एक थेंब. एक मिशी हलली. मग दुसरी. मग सगळं बळ एकवटून उंदरिणीनं ऋजुताच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

"चावली! मामा, चावली!" अंगठ्यावर रक्त, डोळ्यांत पाणी, आणि ऋजुता आनंदानं नुसती नाचत होती.

"चावतीय म्हंजी बरी हाय," भागोजी म्हणाला आणि त्यानं हळूच डोळे पुसले.

बोरीच्या दाट जाळीत तिनं मूठ उघडली. उंदरीण थबकली, ओल्या मिशा तिनं पुसून घेतल्या. मग पाचोळ्यातून एक बारीकशी सळसळ निघाली, दूर गेली, आणखी दूर गेली, मातीत विरून गेली.