स्वतःलाच ऐकणारा बझर

कोणीच बोलत नव्हते, आणि ती शांतता मोजली जात होती. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडे एकाखाली एक सरकत होते: एकेचाळीस, त्रेचाळीस, चाळीस. चौबे कॉलोनीतल्या त्या घरात रविवारची दुपार जेवणाच्या टेबलाभोवती श्वास रोखून बसली होती. यज्ञेश्वरने आईला आणि बायकोला तीन मिनिटे गप्प राहायला सांगितले होते. आईसाठी ती तीन मिनिटे होती. शर्मिष्ठासाठी तो नववा दिवस होता.

तिच्या स्वरतंतूवरची तांदळाएवढी गाठ काढून डॉक्टरांनी दहा दिवसांचे मौन लिहून दिले होते. कुजबुजायचे नाही, खाकरायचेही नाही. बारा वर्षे ती साठ-साठ मुलांच्या वर्गांना भूगोल शिकवत आली होती. नद्या, पठारे, वारे, सारे काही मागच्या बाकापर्यंत पोचवत आली होती. गाठ गेली, पण तिच्या जागी कसला आवाज उरला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सकाळी तिने पाटीवर लिहिले होते, ‘फाटकाच निघाला तर?’ यज्ञेश्वरने ‘नाही निघणार’ असे इतक्या घाईने म्हटले, की दोघांनाही ते पटले नाही. तेव्हापासून तिने खडूला हात लावला नव्हता.

टेबलावर तळहाताएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता. त्याला आवाजाचा सेन्सर जोडलेला होता आणि सेन्सरच्या अगदी शेजारी, शर्टाच्या गुंडीएवढा बझर. सरकारी कचेरीतून सुटल्यावर यज्ञेश्वरचा जीव अशाच तारांमध्ये रमे. या वेळी मात्र कारण गंभीर होते. इंदूबाई, म्हणजे त्याची आई, घरातल्या कुठल्याही खोलीतून दुसऱ्या कुठल्याही खोलीत प्रश्न फेकत, आणि उत्तर मिळेपर्यंत फेकत राहत. नऊ दिवसांत चार वेळा शर्मिष्ठाचे ओठ सवयीने उघडले होते. चारही वेळा यज्ञेश्वरने धावत येऊन ते थोपवले होते.

“झालं का बाप्पा?” इंदूबाई म्हणाल्या. “माह्या पायाले मुंग्या येऊन राहिल्या.”

आकडा उडी मारून चारशे बारावर गेला.

“आई, तीन मिनिटं व्हायची हायेत.”

“मी कुठं बोलली? मी तं इचारलं.”

“विचारलं तरी आवाजच होते तो.”

“मंग हे यंत्र हिच्यासाठी हाय का माह्यासाठी?”

“घरासाठी हाय. तीनशेच्या वर कोणीबी गेलं का वाजणार.”

“पाहा वो,” इंदूबाई सुनेकडे वळल्या, “पोट्टा मोठा झाला अन् मायच्या गळ्यात घंटी बांधून राहिला.”

शर्मिष्ठाच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिने तो बोटाने दाबून धरला.

यज्ञेश्वरने प्रोग्राम लिहिला. त्याचा सारांश एवढाच होता: आकडा तीनशेच्या वर गेला की बझर वाजव, आणि तो खाली येईपर्यंत वाजवत राहा. मग त्याने आईला बोलण्याची विनंती केली. असे निमंत्रण त्या घरात त्यांना प्रथमच मिळत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना काही सुचेना.

“काय बोलू?” त्या पुटपुटल्या. दोनशे दहा.

“नेहमीसारखं बोल.”

“नेहमी मी कशी बोलते?”

बझर वाजला. कर्कश, सरळ, एका रेषेत वाजला, आणि थांबलाच नाही. यज्ञेश्वरने हात वर केला. सारे स्तब्ध झाले. बझर वाजतच राहिला. इंदूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि बोटांच्या फटीतून म्हणाल्या, “मी तं चूप हावो.”

सहाशे सत्तर. तो पडद्याकडे वाकला, आणि त्याचा चेहरा उतरला. “हे स्वतःलेच ऐकून राहिलं,” तो म्हणाला. “वाजते म्हणून ऐकते, ऐकते म्हणून वाजते.”

“तुह्या बापावर गेलं,” इंदूबाई म्हणाल्या. “एकदा सुरू झाले का तेही स्वतःचंच ऐकत.”

शर्मिष्ठाने ओढणीचा बोळा दातांत धरला. पण इंदूबाईंनी आता सूत्रे हाती घेतली होती. त्यांनी पोळ्यांचा रिकामा डबा बोर्डावर पालथा घातला. डबाच थरथरू लागला. त्यांनी डब्यावर थाप मारून “चूप रे, मेल्या” असे बजावले. आकडा नऊशेवर गेला. यज्ञेश्वर टेबलाखाली शिरला, हाताला आली ती वायर त्याने ओढली, आणि फ्रिज बंद पडला. फ्रिजची घरघर गेल्याने बझर अधिकच खणखणीत झाला.

तेव्हा ते आले. आधी पोटात एक बारीक लाट उठली, मग खांदे, मग डोळे; नऊ दिवसांची न बोललेली सारी वाक्ये एकमेकींना ढकलत दाराशी गोळा झाली, आणि दार उघडले. शर्मिष्ठा हसली. ओढणी गळून पडली, खुर्ची मागे सरकली, ती टेबलावर ओणवी होऊन हसत राहिली. पडद्यावर एक हजार तेवीस उमटले. त्यापुढे त्या बोर्डाला मोजताच येत नव्हते. इंदूबाईही हसू लागल्या, डबा धरून, डोळे पुसत, का हसतो आहोत हे विसरून.

टेबलाखाली यज्ञेश्वरला अखेर बोर्डाची वायर सापडली. बझर थांबला, आकडे थांबले, आणि हसणे एकटेच उरले. भरल्या घागरीत नळाची धार पडावी तसे ते भरीव होते. त्याला कुठेही चीर नव्हती, खरखर नव्हती.

ते प्रथम तिलाच ऐकू आले. तिचा हात गळ्याकडे गेला. हसणे थबकले.

यज्ञेश्वर गुडघ्यांवरच उभा होता, केसांना कोळ्याचे जाळे लागलेला. “शर्मिष्ठा,” त्याने हळूच विचारले, “आवाज साफ होता ना? मले तं साफ वाटला. दुखलं का?”

“अवं, बोल ना,” इंदूबाई म्हणाल्या. “एकच शब्द. मी कोणाले सांगत नाही.”

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. गालांवर पाणी होते, आणि हसू पुन्हा ओठांपर्यंत चढत होते. दहावा दिवस अजून बाकी होता. तिने जमिनीवरची ओढणी उचलली, तोंडावर घट्ट धरली, आणि खांदे गदगदत असतानाच, काहीही न बोलता, ती गॅलरीकडे निघून गेली.