येतानाचा आवाज

मेकॅनिक शेखरने पिकअपची चावी फिरवली. इंजिन घर्र-घर्र करत जोरात फिरलं, पण पेटलं नाही.

"बॅटरी ठणठणीत हाय," तो खाली उतरत म्हणाला. "बॅटरी मेली असती तर एवढी फिरली नसती."

"मग रुसली म्हणायची," ओट्यावर बसलेले हैबतराव म्हणाले. "रविवारी पौडापतुर चक्कर मारून आलो, तवा एका दणक्यात चालू झालती. आज न्यायला आलो, तर माहेर सोडंना!"

कल्पना बॉनेटला टेकून उभी होती. हसायला हवं हे तिला कळत होतं. हैबतराव तिच्या वडिलांचे जुने सोबती, पलीकडच्या भरे गावचे. तिला खुलवण्यासाठीच ते सकाळपासून काहीबाही बोलत होते. तिचे वडील विठ्ठलराव, तिचे अण्णा, गणपती उठले त्या आठवड्यात गेले, बांधावर बसल्या बसल्या. आता मार्गशीर्ष लागला होता. रविवारची ती चक्कर सोडली तर त्यांची पिकअप तेव्हापासून अंगणातच उभी होती. एका खाणवाल्याकडून जुनी घेतलेली गाडी त्यांनी इतकी वर्षं पुसून-पासून चालवली, पहाटे भाजी भरून पुण्याला आणि दुपारी रिकामी घरी. घरात आता ती चालवणारं कुणी नव्हतं. कल्पना पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. आई, गोजराबाई, इथे एकटी. हैबतरावांनी गाडी मागितली तेव्हा आईच म्हणाली होती, "न्या. तुमच्याकडं नांदंल."

शेखरने काडीने टाकीतलं डिझेल पाहिलं. अर्धी टाकी भरलेली होती. "मग लाईनीत हवा धरली आसंल," तो म्हणाला. त्याने फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला आणि कल्पनाला हातपंप दाबायला सांगितलं. "दाब, ताई. थांबू नको."

हे काम तिच्या सवयीचं होतं. शाळेत असताना अण्णांसाठी तिने ते कितीदा केलं होतं. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची स्वच्छ धार लागली. शेखरने स्क्रू आवळला आणि पुन्हा चावी फिरवली.

इंजिन पुन्हा नुसतंच फिरलं.

"ताई, माघारी बघ. सायलेन्सरातून धूर येतोय का?"

"नाही. जराही नाही."

शेखरने हात पुसले. "पांढरा का होईना, धूर याया पायजे. धूरच न्हाई म्हंजी पंप डिझेल आत सोडत न्हाई. पंप गेला, मामा."

हैबतराव ओट्यावरून उठले. चेष्टा संपली होती. "पंप गेला म्हंजी काम वाढलं. पोरी, खरं सांगू का? विठ्ठलची गाडी म्हणून मी हौसेनं घेत होतो. पण पंप खोलायचा आसंल तर मला परवडायची न्हाई. मग भंगारवालाच. तो तुकडे करून न्हेतो."

तुकडे हा शब्द ऐकून कल्पनाने नकळत बॉनेटवर हात ठेवला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

"पिरंगुटातल्या पंपवाल्याला घिऊन येतो," शेखर म्हणाला. "खोलल्याबिगर कळायचं न्हाई." तो मोटरसायकलवरून निघून गेला. हैबतराव पाय मोकळे करायला वावराकडे गेले.

अंगणात ती एकटीच राहिली. काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती इंजिनात वाकून पाहत राहिली. पंप खाली, आतल्या अंगाला होता. रबरी नळ्यांच्या मागे तिला काहीतरी दिसलं. आधी वाटलं, पुसायचं फडकं राहिलं असेल. तिने हात घातला. फडकं नव्हतं ते. पंपाची छोटी लोखंडी पट्टी, जी दाबली की डिझेल तुटतं आणि इंजिन बंद पडतं, ती दाबून चिंधीने नळीला घट्ट बांधलेली होती. चिंधी डिझेलने काळी पडली होती, तरी तो लुगड्याचा काठ होता, हे बोटांना कळलं. गाठ तर डोळे मिटूनही ओळखता आली असती. गाईच्या दाव्याला आई हीच गाठ मारायची.

कल्पनाने ती सोडली नाही. हात पुसून ती स्वयंपाकघरात गेली.

आई चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती. लेकीचे काळे हात तिने पाहिले. "सोडलीस?"

"नाही."

"शेखर्‍याला घावंल आसं वाटलं न्हवतं. तू वाकलीस तवाच म्हटलं, हिला घावणार."

"आई, तुला हे येतं कसं?"

"एका साली गाडी बंद करायची तार तुटली हुती. लवकर मिळंना. मग मार्केटात गेलो की मी उतरायचे, बॉनेट उघडायचे, ती पट्टी दाबायचे. मग बंद व्हायची गाडी. लई दिस केलं मी ते." आई जरा थांबली. "चालू कशी करायची ते मला कधी कळलं न्हाई. बंद करायची तेवढी येती."

बाहेर कुठेतरी विहिरीवरची मोटर सुरू होती. कल्पना पाटावर बसली.

"तुला गाडी द्यायची नव्हती, तर सांगायचं होतंस. मी कुणाला शब्द दिला नसता."

"द्यायची हाय. उभी राहून कुजंल ती. पण रविवारी हैबतभावजी तिला घेऊन पौडाला गेले. जाताना कायसुदिक वाटलं न्हाई. जातानाची सवय हाय मला, रोज पहाटं जायचेच की. पण येताना..." तिने पदराने ओठ पुसले. "वळणावर आवाज आला, आन् मी तवा टाकला. भाकरी थापली. उलाथनं हातात घेतलं, मग ध्यानात आलं. भावजींनी दारातून हाक मारली तवा तव्यावर भाकरी करपून चाललीवती. त्यांना म्हटलं, घ्या, जेवून जावा."

"आणि जेवले?"

"जेवले. लई चांगली झालीया म्हणाले, करपल्याली भाकरी."

कल्पनाला हसू आलं. भऱ्याचा रस्ता घराखालूनच जातो. हैबतराव भाजीच नेणार, पहाटे जाणार, दुपारी येणार. रोज दुपारी त्या वळणावर तोच आवाज होणार. हे आईला मागेच कळलं होतं. कल्पनाला आत्ता कळत होतं.

"लांबचं गिऱ्हाईक बघू," ती म्हणाली. "महाळुंग्याकडे बांधकामांवर पुष्कळ गाड्या लागतात. इथे ऐकूच यायची नाही."

"आन् तितं कोण पुसंल तिला? माती-सिमिट वाहून दोन वर्सांत खुळखुळा करतील." आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "पंपवाला यायच्या आत चल. उगा पंप फोडतील."

अंगणात आईने कोपरापर्यंत हात घातला, न पाहता. एक टोक ओढलं आणि गाठ सुटली. काळी चिंधी तिने मुठीत धरली. "बस," ती म्हणाली. कल्पना आत बसली आणि तिने चावी फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं, पांढरा धूर सोडला आणि धडधडू लागलं. आई बॉनेटपाशीच उभी होती. पट्टीपर्यंत तिचा हात पोचत होता. कल्पनाला काचेतून तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त हात दिसत होता. तो जरासा पुढे झाला आणि मागे आला.

आवाज ऐकून हैबतराव वावरातून धावत आले. "आरं तिच्या! काय केलंस गं पोरी?"

"पट्टी अडकली होती," कल्पना म्हणाली.

त्यांनी गोजराबाईंच्या काळ्या मुठीकडे पाहिलं. मग कल्पनाला खाली उतरायची खूण केली. "वहिनी, पौडातनं खत आणायचं हाय. तसाच जातो. निरोप द्या."

शेखर पंपवाल्याला घेऊन आला, तेव्हा गाडी गेलेली होती. "मला उगा पळवलं व्हय?" म्हणत तो चहा पिऊन हसत परत गेला.

कल्पनाची बस दुपारची होती. ती निघाली नाही. आईने चूल पेटवली. दोघींनी मिळून पीठ मळलं. 

मग वळणावर आवाज आला. चढ लागताच गिअर बदलल्यावर येणारा, किंचित खोकल्यासारखा. आईचे हात परातीत थबकले. तिने डोळे मिटले, पण तव्याकडे हात नेला नाही. आवाज घराखाली आला, मोठा झाला आणि भऱ्याकडे पुढे निघून गेला.

आईने डोळे उघडले तेव्हा कल्पना पाटावर नव्हती. ती उंबऱ्यात उभी होती, पाण्याने भरलेला तांब्या हातात घेऊन. अण्णा आले की पाय धुवायला बाहेर पाणी ठेवायचं काम लहानपणापासून तिचं होतं. रांजणापाशी ती कधी गेली, तांब्या कधी बुडवला, तिला आठवेना.

"कल्पे," आई आतून हळूच म्हणाली, "ये माघारी."

तिला येता आलं नाही. भरलेला तांब्या कुठे ठेवावा, तेच तिला कळत नव्हतं.